शेकडो फाइल्समधला एक शब्द बदलायचाय? टर्मिनलवरून शोधा-बदला, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची साइट, मंडळाची साइट, छोट्या ऑफिसचे नोटिशींचे फोल्डर, एखाद्या क्लासचं जुनं मटेरियल, असलं सगळं सांभाळणारी जी माणसं आहेत ना, म्हणजे नोकरी वेगळीच आणि "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना" म्हणून गळ्यात पडलेली, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, म्हणून एकदाच एका जागी. (टर्मिनल म्हणजे माऊसऐवजी कमांड टाइप करून काम करायची ती काळी स्क्रीन.)

एक सूचना आधीच. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची, सगळी लहान लिपीतली, जिथे मोठं अक्षर हवंय तिथे "मोठा" असं सांगितलंय. अवतरणात जो मराठी शब्द आहे तो मात्र मराठीतच टाकायचा.

एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस आहे की, मग टर्मिनल कशाला?

आहे ना, आणि व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये अख्ख्या फोल्डरवर पण चालतं. पाच-दहा फाइल्स असतील तर तेच वापरा, उगाच हिरोगिरी नको. टर्मिनल लागतं ते फाइल्स सर्व्हरवर असतील आणि तिथे फक्त काळी स्क्रीन मिळत असेल तेव्हा, किंवा फाइल्स एवढ्या असतील की एडिटर गुरगुरायला लागतो, किंवा तोच बदल पुढच्या वर्षी परत करायचा असेल तेव्हा. कमांड एका फाइलमध्ये लिहून ठेवली की पुढच्या वेळी डोकं खाजवायला नको.

सुरुवात कुठून करू?

फोल्डरची कॉपी काढून. गिट (फाइल्समधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर आधी सगळं कमिट करून, म्हणजे त्यात नोंदवून. याच्यावर चर्चा नाही.

कुठल्या कुठल्या फाइलमध्ये आहे ते कसं कळणार?

खरं काम हेच आहे. बदलायला दोन सेकंद लागतात, शोधायला चांगला अर्धा तास द्या.

उदाहरण मुंबईचंच घेऊ. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं, तरी "आमच्याकडे कसं यावं" या पानांवर अजून कितीतरी ठिकाणी जुनंच नाव आहे. तर टर्मिनलवर त्या फोल्डरमध्ये जाऊन ग्रेप, म्हणजे फाइल्समधला मजकूर शोधणारी कमांड:

ग्रेप -आरएन 'एल्फिन्स्टन रोड' .

आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरमध्ये घुस, एन म्हणजे ओळीचा नंबर दाखव, आणि शेवटचं टिंब म्हणजे मी आत्ता आहे तिथून सुरू कर. ते टिंब खूप जण विसरतात. उत्तर असं काहीतरी येतं:

./संपर्क.एचटीएमएल:४२: वेस्टर्न लाइनने एल्फिन्स्टन रोड, सेंट्रलने परळ
./जुने/नोटीस.टीएक्सटी:७: एल्फिन्स्टन रोड पुलाखाली जमावे

आता ही ओळ न् ओळ वाचायची. मी गंमत नाही करत. पहिली ओळ बदलायची हे उघड आहे, पण दुसरी जुन्या काळातली नोटीस आहे, रेकॉर्ड म्हणून ठेवलेली, तिच्यात नवीन नाव घालणं म्हणजे खोटा इतिहास. "जुने" हे फोल्डर मग वगळायचं: --एक्सक्लूड-डिर=जुने असं त्याच कमांडला जोडायचं. आणि फक्त ठरावीक प्रकारच्या फाइल्स बघायच्या असतील तर --इन्क्लूड='*.एचटीएमएल'.

आणि एक, नुसतं 'एल्फिन्स्टन' शोधून बदलू नका, एल्फिन्स्टन कॉलेज अजून त्याच नावाने फोर्टात उभं आहे, ते प्रभादेवी कॉलेज होऊन बसेल. शोधताना मात्र नुसतं 'फिन्स्टन' किंवा 'फिस्टन' पण शोधून बघा, कारण लोक एलफिन्स्टन, एल्फिस्टन, एल्फिन्स्टन रोड्, जे सुचेल ते लिहितात.

बरं, दिसलं सगळं. आता बदलायचं कसं?

ग्रेप -आरएल --नल --एक्सक्लूड-डिर=जुने 'एल्फिन्स्टन रोड' . | एक्सआर्ग्स -० सेड -आय.बाक 's/एल्फिन्स्टन रोड/प्रभादेवी/जी'

(सेडच्या अवतरणातला पहिला एस आणि शेवटचा जी पण रोमनच, इथे पहिला तेवढा सवयीने घुसलाय असं समजा, एक्सआर्ग्सचं शून्यही इंग्रजी.) ग्रेपचा एल म्हणजे ओळी नको, फक्त फाइलची नावं दे. मधली उभी रेघ ती नावं पुढे पाठवते, एक्सआर्ग्स ती सेडला देतं, आणि सेड शब्द बदलतो. --नल म्हणजे दोन नावांच्या मध्ये नवीन ओळीऐवजी शून्य बाइट टाक, आणि -० म्हणजे एक्सआर्ग्सने ते तसंच वाचावं. हे झेंगट कशासाठी, तर आपल्याकडे फाइलची नावं "नवीन नोटीस फायनल २" अशी असतात, मध्ये स्पेस, आणि हे नसेल तर एक्सआर्ग्स त्याच्या चार फाइल्स समजतं आणि एकही सापडत नाही म्हणून बोंब मारतं.

सेडला थेट सगळ्या फाइल्स देता येतात, पण मग ज्यात तो शब्दच नाही त्या फाइल्सपण नव्याने लिहिल्या जातात, तारीख बदलते, आणि मग बॅकअपवाला प्रोग्राम सगळंच परत अपलोड करत बसतो. म्हणून आधी ग्रेपने गाळून मग सेड.

शेवटचा जी विसरलात तर प्रत्येक ओळीतला फक्त पहिला शब्द बदलेल. "निम्मंच बदललं" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

-आय.बाक मधलं बाक काय आहे?

जुन्या फाइलची कॉपी त्याच नावापुढे .बाक लावून ठेवतो. काम झालं, तपासलं, की पुसायच्या. आधी फाइंड . -नेम '*.बाक' करून यादी बघायची, मगच त्याच कमांडच्या शेवटी -डिलीट लावायचं. शेवटीच लावायचं, आधी नाही, फाइंड डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि -डिलीट आधी आलं तर नावाची अट बघायच्या आधीच सगळं साफ. आणि सर्व्हरवर .बाक ठेवून देऊ नका, पासवर्डवाली कॉन्फिग फाइल असेल तर तिची .बाक ब्राउझरमध्ये सरळ उघडू शकते.

मॅकवर सेड एरर देतंय, मित्राच्या लिनक्सवर तीच कमांड चालते.

मॅकचं सेड बीएसडीवालं, लिनक्सचं ग्नूवालं, नाव एकच पण घराणी वेगळी. मॅकवर -आय नंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण '' द्यायचं. लिनक्सला ते रिकामं अवतरण चालत नाही. म्हणून वर लिहिलंय तसं -आय.बाक, मध्ये स्पेस न देता, दोन्हीकडे चालतं. किंवा सेड सोडा आणि पर्ल या भाषेची पर्ल -पीआय -ई ही कमांड वापरा, पर्ल सगळीकडे सारखंच वागतं.

आमच्या साइटवर सगळीकडे "बॉम्बे" आहे, एका फटक्यात "मुंबई" करून टाकू ना?

थांबा थांबा. शहराचं नाव १९९५ साली बदललं, पण बॉम्बे हायकोर्ट अजून बॉम्बे हायकोर्टच आहे, आयआयटी बॉम्बे पण तेच, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पण. शिवाय मेनू कार्ड असेल तर बॉम्बे डक. सुके बोंबील विकणाऱ्याच्या साइटवर "मुंबई डक" वाचून गिऱ्हाईक बदक शोधत बसेल. आणि हे सगळं दिसणाऱ्या मजकुरातलं झालं, लिंकमध्ये, फोटोच्या फाइलनावात, ईमेल पत्त्यात इंग्रजीत बॉम्बे असेल ते बदललं की लिंक तुटली, फोटो गायब, मेल परत.

अशा वेळी माझी आवडती कमांड ही:

ग्रेप -आरओएच 'बॉम्बे [^ ]*' . | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

ओ म्हणजे अख्खी ओळ नको, जुळलं तेवढंच दे. एच म्हणजे फाइलचं नाव नको. ते चौकोनी कंसवालं म्हणजे पुढचा एक शब्द पण घे. मग सॉर्ट आणि युनिक मिळून मोजून देतात की "बॉम्बे" नंतर कुठला शब्द किती वेळा आलाय. युनिक टाइप करताना शेवटी क्यू, त्यानंतर काही नाही. ही यादी वाचली की पाच मिनिटांत कळतं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हजार ओळी वाचाव्या लागत नाहीत. मग:

पर्ल -पीआय.बाक -ई 'एस/बॉम्बे(?! हायकोर्ट| डक| नॅचरल)/मुंबई/जी'

कंसातलं प्रश्नचिन्ह-उद्गारचिन्ह म्हणजे "पुढे हे आलं तर हात लावू नकोस". सेडला हे जमत नाही. मात्र हा पुढे बघतो, मागे नाही, त्यामुळे "आयआयटी बॉम्बे" यातून सुटत नाही, त्यासाठी शब्दाच्या आधी (?<!आयआयटी ) पण लावा. पर्लच्या कमांडला पुढे फाइल्स द्यायच्या, मघासारखं ग्रेपमधून एक्सआर्ग्सने.

व्हीटी स्टेशनचं (व्हिक्टोरिया टर्मिनस) तर अजून वेगळं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये "महाराज" जोडलं. आता कुणी "शिवाजी टर्मिनस" शोधून "शिवाजी महाराज टर्मिनस" केलं तर ठीक, परत चालवली तरी बिघडत नाही, कारण नव्या नावात "शिवाजी टर्मिनस" सलग येतच नाही. पण "शिवाजी" शोधून "शिवाजी महाराज" केलंत आणि कमांड दोनदा चालली, की "शिवाजी महाराज महाराज". नवीन शब्दाच्या पोटात जुना शब्द असेल तर कमांड एकदाच चालवायची, किंवा वरच्यासारखी "पुढे महाराज नसेल तरच" अशी अट घालायची. आणि शिवाजी नावाचे कमिटी मेंबर असतील ते पण महाराज होतील, तेही बघा.

बसचं भाडं बदलायचं होतं, सगळे आकडे गंडले. का?

९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसीचं ६ वरून १२, तेव्हा हा प्रश्न बऱ्याच जणांना आला असणार. '५ रुपये' शोधून '१० रुपये' केलंत तर "१५ रुपये" मध्ये पण "५ रुपये" आहेच की, त्याचे झाले "११० रुपये". कंडक्टरला पण कळणार नाही काय झालं ते.

म्हणून आधी आकडा नको अशी अट:

सेड -मोठा ई -आय.बाक 'एस/(^|[^०-९])५ रुपये/\११० रुपये/जी'

उलट्या स्लॅशनंतरचा एक इंग्रजी आकड्यातला, त्याचा अर्थ पहिल्या कंसात जे सापडलं ते परत जसंच्या तसं ठेव. त्यापुढचे दहा मराठी.

आणि क्रम! समजा तक्त्यात ५ चे १०, १० चे १५ आणि १५ चे २० करायचेत. पाचापासून सुरुवात केलीत तर पाचाचे दहा होतात, मग त्याच दहाचे पंधरा, मग त्याच पंधराचे वीस, आणि सगळी मुंबई वीस रुपयात फिरते. मोठ्यापासून खाली यायचं, आधी १५, मग १०, शेवटी ५.

शब्द डोळ्यांना समोर दिसतोय पण ग्रेप म्हणतं नाहीच. वेड लागायची पाळी आलीय.

मराठीत काम करणाऱ्याला हे होणारच, आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मदतीत याचं उत्तर सापडत नाही. कारणं बरीच आहेत, एकेक बघा.

पहिलं म्हणजे ॲ. "ॲप" मधला ॲ दोन तऱ्हेने लिहिता येतो: एक स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांचा ठरलेला संच) २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, आणि दुसरं साधा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. स्क्रीनवर बहुतेक फॉन्टमध्ये सारखंच दिसतं, पण फाइलमध्ये पहिल्याचे तीन बाइट आणि दुसऱ्याचे सहा. ग्रेप बाइट बघतो, चेहरा नाही. दोन्ही शोधायचे: ग्रेप -आर -मोठा ई 'ॲप|अॅप' .

दुसरं त्याहून छळवादी, आडवा र. सरकारी नमुन्यातली पत्रं, सोसायटीची सर्क्युलरं, सगळीकडे "कर्मचाऱ्यांना", "अधिकाऱ्यांकडे" असतंच. हा ऱ्य एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने येतो आणि दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं चिन्ह घालून. "कर्मचाऱ्यांना" आणि "कर्मचार्‍यांना" हे दोन शब्द मी आत्ता दोन्ही पद्धतींनी लिहिलेत, फरक दाखवा बघू. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणं) केलं की सगळं एक होईल असं कुणी सांगेल, पण हे दोन आणि वरचे दोन ॲ, त्याने एक होत नाहीत, स्वतःच करावे लागतात. मी कुठलंही मराठी फोल्डर हातात आलं की आधी हे दोन बदल करून घेतो आणि मगच पुढचं काम.

तिसरं, आकडे. मराठी आकड्यांत २०२५ शोधलंत आणि फाइलमध्ये इंग्रजी आकडे असतील तर नाहीच सापडणार. एका नोटिशीत दोन्ही असतात, तारीख मराठी आणि रक्कम इंग्रजी.

चौथं, विभक्ती. 'ठाणे' शोधून ठाण्यात, ठाण्याला, ठाणेकर यातलं फक्त शेवटचं मिळतं. 'ठाण' शोधा आणि मग यादी वाचा, त्यात "पोलीस ठाण्यात तक्रार" पण येईल, ते ठाणे वेगळं.

पाचवं, फाइल जुन्या डीटीपीची असेल तर. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतो, फॉन्ट त्याला मराठी चेहरा देतो. तिथे ग्रेपने डोकं आपटून उपयोग नाही, आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा.

काहीच कळेना झालं तर शब्द हाताने टाइप करू नका, फाइलमधूनच कॉपी करून कमांडमध्ये पेस्ट करा. सापडला तर समजायचं की तुमचा कीबोर्ड आणि लिहिणाऱ्याचा कीबोर्ड यांचं जमत नाहीये.

ग्रेपला -डब्ल्यू लावलं की अख्खाच शब्द मिळतो ना?

इंग्रजीत हो. मराठीत "दादर" ला -डब्ल्यू लावलं तर दादरला, दादरहून, दादरचा सगळे सुटतात, जे तुम्हाला हवे होते. आणि पायथनमध्ये करत असाल तर सांभाळून, त्याच्या साध्या रेजेक्समध्ये (नमुन्यावरून शोधायची सोय) मात्रा आणि अनुस्वार हे शब्दाचा भागच धरत नाहीत, त्यामुळे शब्दाची हद्द शब्दाच्या मध्येच पडते.

टिंब, स्लॅश, अँडचं चिन्ह, हे काय लफडं आहे?

अवतरणाच्या आतलं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. तसंच्या तसं शोधायचं तर ग्रेपला मोठा एफ लावा. पत्ता किंवा लिंक बदलताना स्लॅशऐवजी उभी रेघ वापरा, एस|जुनं|नवं|जी, सेडला चालतं. आणि नव्या शब्दात & असेल, "पाटील & सन्स", तर त्याच्या आधी उलटा स्लॅश, नाहीतर सेड त्या जागी जुना शब्दच परत चिकटवतो.

फाइल रिकामी झाली! शून्य बाइट!

सेड ... फाइल > फाइल असं केलंत ना? बाणापुढची फाइल शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, आधी रिकामी करतो, मग सेडला वाचायला देतो. वाचायला काही उरलेलंच नसतं. कॉपीतून परत आणा.

गिटचं फोल्डर आहे, काही वेगळं?

.गिट नावाच्या लपलेल्या फोल्डरला हात लागता कामा नये, त्यात बदल झाला तर अख्खी रिपॉझिटरी खराब. साध्या ग्रेपऐवजी गिट ग्रेप -एल वापरा, तो फक्त गिटमध्ये असलेल्या फाइल्स बघतो. रिपग्रेप (ग्रेपसारखाच शोधणारा प्रोग्राम) पण चांगला आहे, वेगवान, गिटइग्नोर (वगळायच्या फाइल्सची यादी) पाळतो, पण त्याचं --रिप्लेस फक्त स्क्रीनवर बदलून दाखवतं, फाइलमध्ये काही लिहीत नाही, "चाललं पण बदललं नाही" म्हणून गोंधळू नका.

विंडोजवर?

डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश टाका (दोन्हींमुळे विंडोजवर या कमांड चालतात) आणि वरचंच सगळं करा. पॉवरशेलने पण होतं, पण विंडोजबरोबर येणारं जुनं ५.१ बॉम (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) नसलेली यूटीएफ-८ फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचतच नाही, मराठीचा कचरा होतो आणि तोच सेव्ह होतो. वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे -एन्कोडिंग यूटीएफ८ द्या, किंवा पॉवरशेल ७ घ्या.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्स?

नाही. हल्लीच्या आतून झिप असतात, ग्रेपला काही दिसत नाही. पीडीएफचं तर नावच नको.

ट्रेनमधून फोनवर एसएसएच करून (म्हणजे दुरून सर्व्हरला जोडून) केलं तर?

विरार फास्टमध्ये उभ्याने? नेटवर्क गेलं की कमांड मध्येच मरते. सेड प्रत्येक फाइल बाजूला नवीन लिहून मग जुन्याच्या जागी ठेवतो, त्यामुळे एखादी फाइल अर्धी बदललीय असं सहसा होत नाही, पण निम्म्या फाइल्स बदललेल्या आणि निम्म्या तशाच, असं नक्की होतं, आणि सेड नावाने सुरू होणारी एखादी अनोळखी फाइल मागे राहते. करायचंच असेल तर टीमक्समध्ये करा, त्यात कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू राहते. त्यापेक्षा घरी जाऊन करा.

झालं ते नीट झालंय हे कसं तपासू?

गिट असेल तर गिट डिफ --वर्ड-डिफ, ओळीतला नेमका शब्द दाखवतो. नसेल तर जुनी कॉपी आणि नवं फोल्डर डिफ -आरयू ने ताडून बघा. मग जुना शब्द परत ग्रेप करा, जेवढे मुद्दाम ठेवलेत तेवढेच उरले पाहिजेत.

फाइलच्या नावातच जुना शब्द आहे, तो पण बदलेल का?

नाही, सेड फक्त आतलं बघतो. नाव एमव्हीने किंवा रिनेम कमांडने बदलायचं, आणि त्याआधी त्या फाइलचं नाव अख्ख्या फोल्डरमध्ये ग्रेप करायचं, कारण दुसऱ्या कुठल्यातरी पानावरून तिला लिंक असतेच. रिनेम डेबियन-उबुंटूवर वेगळा आणि फेडोरावर वेगळा, लिहायची पद्धतच निराळी, म्हणून दोन-चारच फाइल्स असतील तर सरळ एमव्ही.